दोन मोटरींची बोट

सुरतेत बमरोलीच्या कापडाच्या लूमवर खडखडाटात उभं राहून माझ्या नवऱ्याचे कान गेले होते. माझं बोलणं शेजारणीला ऐकू जायचं, यांना नाही. वर चिडायचे, “ओरडतेस कशाला? बहिरा नाही मी.”

शेठच्या मुलाने टाकून दिलेली रिमोटची खेळण्यातली शर्यतीची बोट त्यांनी घरी आणली. फुटलेला तळ सांधला, जळलेल्या दोन्ही मोटरी बदलल्या. त्या फिरतायत का, हे तळहात टेकवून थरथरीवरून ओळखायचे.

कालव्यात सोडल्यावर बोट हात पोचेना इतकी लांब गेली, थरथर कळेना. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “दोन्ही वाजतायत ना गं?”

मी ओरडले नाही. रिमोट धरलेला त्यांचा हात दोनदा दाबला.