एक फुल्ल, एक हाफ

शिवाजीनगरहून एसटी सुटली आणि पहिल्याच तिकिटाला मी घोळ घातला. कंडक्टरनं "कुठं?" विचारलं, मी म्हणाले, "नगर. एक फुल्ल, एक हाफ." तिकिटं फाडून त्यानं शेजारच्या रिकाम्या सीटकडं पाहिलं. "फुल्लवाले कुठंयत?" बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून तोंडात बसलेलं वाक्य हो ते! आमच्या ह्यांना जाऊन चार महिने झाले होते. "आले नाहीत," म्हटलं आणि दोन्ही तिकिटं पर्समध्ये टाकली.

या चार महिन्यांत मला धड झोप नव्हती. घरात बसवत नव्हतं, बाहेर करमत नव्हतं. मुलगी म्हणाली, "माझ्याकडे ये." तिच्याकडे जाऊन तिच्याही झोपेचं खोबरं कशाला करू? नव्या जागी झोप येत नाही म्हणतात. माझं नेहमीच उलटं, म्हणून निघाले.

नगरला मुलीनं मोबाईलवरून हॉटेल ठरवलं होतं. काउंटरवरच्या फॉर्मात 'व्यक्ती' या रकान्यात माझ्या हातानं आपोआप दोन लिहिलं. काउंटरवरचा मान वर न करता म्हणाला, "दुसरं आधार नंतर दिलं तरी चालेल, मॅडम." खोलीत दोन टॉवेल, दोन साबण, दोन कप पालथे घातलेले. गादी इतकी मऊ की कूस बदलायला जोर लावावा लागे. पडदा उघड, पडदा लाव, एसी बंद कर, परत लाव. सकाळपर्यंत डोळ्याला डोळा लागला नाही. निघताना तोच काउंटरवाला म्हणाला, "पाच स्टार द्या हं मॅडम." दुसरी व्यक्ती कुठंय, हे त्यानं शेवटपर्यंत विचारलं नाही. मला त्याचा भयंकर राग आला.

तडक नेवाशाची गाडी पकडली. दोन्ही बाजूंना ऊस, मधूनच ज्वारीचे पट्टे. फाट्यावर उतरून 'हॉटेल'मध्ये मिसळ खाल्ली. (इकडं हॉटेल म्हणजे चहा-मिसळीचं ठिकाण. राहायचं असेल तर लॉज म्हणावं लागतं, आणि एकट्या बाईनं लॉज विचारला की समोरचा वरून खाली बघतो.) मालकानं मात्र सरळ सांगितलं, "नदीकडं जुनी धर्मशाळा हाय, थितं जावा."

धर्मशाळेत टोपीवाले व्यवस्थापक वही उघडून बसले होते. "किती जनं?"

यावेळी जीभ सांभाळली. "एकटीच."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "एकट्या मानसाला खोली देत न्हाई, ताई. नियम हाय. एकटं मानूस आतनं कडी लावून काय करील, सांगता येत न्हाई."

माझा पाराच चढला. "मी काय जीव द्यायला आलेय? चार महिन्यांत पहिल्यांदा खरं बोलले, त्याची ही बक्षिसी?" म्हणता म्हणता रडूच फुटलं. कंडक्टरसमोर आलं नव्हतं, ते इथं आलं.

पायरीवर साठीची एक बाई गाठोडं घेऊन बसली होती. ती म्हणाली, "भांडू नका, बाई. मी तिसगावची गयाबाई. दर एकादशीला दर्शनाला येती, आन् मला बी न्हाईच म्हनत्यात. आदी ननंद संग यायची, ती गेली. आता हितं बसायचं, दुसरी एकटी आली की जोडी लावायची आन् खोली घ्यायची. सकाळपासनं तुमचीच वाट बघतीय."

"माझी?"

"मंग? कुनीतरी येतीच की."

व्यवस्थापकांनी दोन नावं लिहिली. "नातं?"

"लिव्हा, बहिनी," गयाबाई म्हणाली. त्यांनी लिहिलं.

खोलीत दोन सतरंज्या आणि एक पंखा. नळ अंगणात. गयाबाईनं फडकं सोडून उपासाची भगरीची भाकरी आणि दाण्याचा ठेचा पुढं केला. "मालक न्हाईत व्हय?" मी मान हलवली. "मंग आदी रडून घे, मग जेव. दोन्ही एकदम केलं की ठसका लागतो." मी तसंच केलं.

दिवेलागण झाली तशी तिनं अंग टाकलं आणि घोरायला लागली. काय ते घोरणं! ह्यांच्याशी तीस वर्षं याच गोष्टीवरून भांडले मी. कोपरानं ढोसायला हात उचलला, तसाच खाली ठेवला. पुढचं काही आठवत नाही.

जाग आली तेव्हा ऊन फरशीवर आलं होतं. अंगावर गयाबाईची गोधडी होती, ती मात्र पहिल्या गाडीनं गेली होती. व्यवस्थापक म्हणाले, "निरोप ठिवलाय. म्हनली, झोपली हाय, उठवू नका. गोधडी फुडच्या एकादशीला घिऊन ये म्हनावं."

परतीच्या गाडीत गोधडी मांडीवर घेऊन बसले. कंडक्टर आला. "किती?"

"एक हाफ," मी म्हणाले. घोडेगाव यायच्या आत पुन्हा डोळा लागला. शेवटी कंडक्टरनंच हलवलं, "मावशी, उठा, शिवाजीनगर आलं."

घरी आल्यावर मुलीचा फोन आला, "हॉटेल कसं होतं गं?" खोटं कशाला बोला, हॉटेल चांगलंच होतं. त्यांनी मला हवं तसं राहू दिलं, काही म्हणजे काही विचारलं नाही. धर्मशाळेनं दारातच अडवलं, आणि झोप तिथं लागली.

फोन ठेवला आणि कॅलेंडरवर पुढच्या एकादशीला खूण केली. सकाळचीच गाडी धरायला हवी. गयाबाईला दुपारपर्यंत पायरीवर बसवून ठेवायचं नाहीये.