टॉवेलवाल्याचं आडनाव

“बसून काय करू? उठाच तर लागते,” असं म्हणत तो खुर्चीच्या अगदी काठावर टेकायचा. एक पाय टेबलाखाली, दुसरा दाराच्या दिशेनं.

अमरावतीच्या आमच्या कचेरीत कालव्यांचे आणि पुलांचे नकाशे निघत. मी आवक-जावक सांभाळायचो, तो ट्रेसर होता. नकाशा गिरवताना हात तेवढा एका जागी स्थिर. बाकीचा सगळा माणूस सुटायला बघत असायचा. चहा उभ्यानं, डबा उभ्यानं. एकदा साहेब वैतागून म्हणाले, “अरे, तुझ्या खुर्चीला काटे आहेत का?”

“खुर्ची सरकारची हाये जी,” तो म्हणाला. “काटे माहे सोताचे.”

ते काटे कसले, हे आम्हाला हळूहळू कळलं. त्याला एक खोली हवी होती. दर्यापूरजवळच्या खेड्यात आई एकटी होती, तिला आणायचं होतं. खोल्या काय, अमरावतीत पुष्कळ होत्या. सरकारी नोकर म्हटलं की घरमालक खूश व्हायचे, पाणी विचारायचे. मग पूर्ण नाव विचारायचे. आडनाव ऐकलं, की खोली नेमकी कालच गेलेली असायची. त्याच्या घरानं नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्याला काही वर्षं झाली होती. घरमालकांचे कान मात्र होते तिथंच होते. त्यामुळे गडी आज या मित्राच्या ओसरीवर, उद्या त्या धर्मशाळेत. वळकटी कधी पुरती सोडायचाच नाही.

एकदा कामानिमित्त आम्ही दोघं अकोल्याला गेलो. बाजारात एका शेटजींच्या खेळण्यांच्या दुकानात प्लॅस्टिकच्या बाहुल्यांचं खोकं धूळ खात पडलं होतं. मुंबईहून आलेला परदेशी माल. वीतभर उंचीचे पुरुष, अंगाला चिकटलेले कपडे, डोळ्यांवर काळी पट्टी आणि पाठीवर लाल कापड.

“हा काय टॉवेल घेऊन आंघोळीला निघालाय?” मी म्हणालो.

शेटजी कावलेलेच होते. “एक नाई खपून राहिला. पोट्टे इचारते, हा कोन? आता म्या काय सांगू?”

माझा सोबती मात्र खोक्यापुढून हलेना. एका जागी इतका वेळ उभं राहिलेलं मी त्याला पहिल्यांदाच पाहिलं. “भाऊ, याले गाव नाही, मायबाप नाही,” तो म्हणाला. “आन् तरी पाहा, कसा छाती काढून उभा हाये!” एक बाहुला खिशात घालूनच तो परत आला.

थोड्याच दिवसांत माझ्या टेबलावर तळहाताएवढी चित्रांची पुस्तिका आली. आठ पानं, निळ्या कागदावर पांढऱ्या रेषा. आमच्या नकाशांच्या प्रती अशाच निघत. मसाला लावलेल्या कागदावर गिरवलेला पारदर्शक कागद ठेवायचा, वर काच, आणि सगळं उन्हात. मग पाण्यात धुतलं, की कागद निळा आणि रेषा पांढऱ्या. कागद त्यानं स्वतः विकत आणला होता, काच एका जुन्या तसबिरीची होती.

गोष्ट अर्थातच टॉवेलवाल्याची. हा टॉवेलवाला हिवरखेडचा. पूर आलेल्या पूर्णेवरून तो उडत जायचा, चिखलात रुतलेली बस एका हातानं उचलायचा, आणि आतल्या म्हातारीच्या मांडीवरचं बोचकंही हलायचं नाही. प्रतींचा एक गठ्ठा त्यानं अकोल्याला शेटजींकडे धाडला. शेटजींनी बाहुल्यासोबत पुस्तिका फुकट द्यायला सुरुवात केली, आणि जे खोकं कुणी ढुंकून पाहत नव्हतं ते हां हां म्हणता रिकामं झालं. दुसरं मागवावं लागलं. दर्यापूरची पोरं रुसली, सगळा मान हिवरखेडलाच काहून? मग दर्यापूरचाही एक टॉवेलवाला निघाला. दोघांत कोण भारी, यावरून शाळांत सदऱ्यांची बटणं तुटली.

आम्ही पुन्हा अकोल्याला गेलो, तेव्हा शेटजींना एक युक्ती सुचली होती. “मानसं इचारते, हा कोनाचा म्हनाचा? एखादं चांगलं आडनाव टाका ना. माल आखीन खपन.”

“शेटजी, मंग त्यानं डोयाले पट्टी कायले बांधली?” तो हसत म्हणाला. “आडनाव कोणी इचारत नाही, तोवरच तो उडून राहिला.”

शेटजी खो खो हसले. मला हसू आलं नाही.

आणि मग नवल घडलं. अमरावतीतच एका निवृत्त मास्तरांची खोली दाखवायला मी त्याला नेलं. वर मोकळी गच्ची, दिवसभर ऊन. मास्तरांच्या नातवंडांनी त्याच्या पिशवीतली निळी पुस्तिका पाहिली आणि घर डोक्यावर घेतलं. टॉवेलवाला काढणारा माणूस आपल्याकडे राहणार! त्या गोंधळात मास्तर नाव विचारायचं विसरले आणि किल्ली देऊन बसले. त्या दिवशी परतताना तो शीळ घालत होता. दुसऱ्याच दिवशी जाऊन आईला घेऊन आला.

म्हातारी चार दिवस राहिली. पाचव्या दिवशी मास्तरीणबाईंनी कौतुकानं चौकशी केली, गाव कोणतं, तुम्ही कोणापैकी? म्हातारीनं सरळ सांगितलं. तिला लपवायचं काय होतं? दुपारी मास्तर वर आले आणि कुणी पुतण्या शिकायला येणार असल्याचं बोलले. बोलताना ते गच्चीवर वाळत घातलेल्या निळ्या पानांकडे बघत होते. मला त्या माणसाचा असा संताप आला की काय सांगू! वळकटी बांधायला आमच्या ट्रेसरला वेळ लागला नाही.

त्याची आई गावी परत निघाली, मोटार स्टँडवर मी सोडायला गेलो होतो. म्हातारी बोचक्यावर बसली होती. मुलाच्या तोंडाकडे बघून म्हणाली, “तुह्या त्या टॉवेलवाल्याले घर हाये का रे?”

तो फेऱ्या मारत होता, थबकला. त्यानं टॉवेलवाल्याला नद्या दिल्या होत्या, आभाळ दिलं होतं. घर काढायचं राहूनच गेलं होतं.

ते पुढच्या पुस्तिकेत आलं. टॉवेलवाला संध्याकाळी घरी येतो, डोळ्यांवरची पट्टी सोडतो. चेहरा थेट आमच्या ट्रेसरचा. आत चूल पेटलेली, आणि दारावर त्याचं स्वतःचं नाव, बापाच्या नावासकट, आडनावासकट. शेटजींनी वाचून मान हलवली. “हे नाई खपनार.”

“मंग बाकीचे बी नाही,” तो म्हणाला.

शेटजींनी ठेवून पाहिल्या. बाहुले गेले, पुस्तिका गल्ल्याशेजारी राहिल्या. गिऱ्हाईकं पान उलटून परत ठेवायची. त्यानंतर त्यानं एकही काढली नाही, आणि मला ते फार लागलं.

पुढं त्याची अकोल्याला बदली झाली. गावाबाहेर, पावसात फुगणाऱ्या आणि उन्हात भेगाळणाऱ्या काळ्या मातीत त्यानं जागा घेतली. भिंती उभ्या राहायच्या, तडकायच्या, पुन्हा बांधायच्या. गिलावा व्हायच्या आधीच आईला आणलं. मी घर बघायला गेलो तेव्हा तो शिडीवर चढून दाराच्या वर पाटी ठोकत होता. दुकानाला लावतात तेवढी मोठी पाटी. पूर्ण नाव, आडनाव सगळ्यात ठळक.

“एवढं मोठं काहून रे?” खालून आईनं विचारलं.

“लांबूनच वाचून घ्या म्हनाव,” तो म्हणाला. “दारात येऊन इचाराचं काम नाही.”

आता तोही नाही, म्हातारीही नाही. ते आडनाव काय, असं तुमच्या मनात केव्हाच येऊन गेलं असेल. आपल्याकडे ते येतंच. मी सांगणार नाही. अकोल्याला जा आणि लांबूनच वाचा.

स्वतःच्या घरातही तो कधी स्वस्थ बसला नाही. त्या मुक्कामात मी पाहिलं, संध्याकाळी तो निघायचा, रस्त्यापर्यंत जायचा आणि मागं वळायचा. पाहुण्यासारखा तिथंच उभा राहून पाटी अथपासून इतिपर्यंत वाचायचा, आणि मग आपल्या घरात जायचा.