न वाजलेला भोंगा

आज सुनेची भेंडी बुडाला लागली, आणि त्या वासासरशी मी पुलगावच्या चुलीपुढे जाऊन बसले.

पंचावन्न-छप्पन साल असेल. लग्नाला आठवडाच झाला होता. चिंचेच्या पाण्यात भेंडी मंद विस्तवावर ठेवून सासूबाई म्हणाल्या, "मिलचा भोंगा झाला का उतरवजो," आणि धुणं घेऊन नदीवर गेल्या. रविवारी मिल बंद, हे त्यांच्या ध्यानात नव्हतं. मला वडनेरच्या पोरीला कुठलं ठाऊक? भेंडी आटली, काळी पडली, तरी मी भोंग्याचीच वाट बघत राहिले.

जेवताना सासरे कडाडले, "भेंडी कोनं जायली?"

"म्या," सासूबाई शांतपणे म्हणाल्या.

तेव्हा वाटलं, वाचले एकदाची.

आज मुलानं तेच विचारलं, तर मी बोटानं सुनेकडे दाखवलं.