रंभाबाईंचा अकरा किलोवॉटचा स्टोव्ह

नॉटिंगहॅमच्या मराठी मंडळींत रंभाबाई तायडे यांच्या पुढच्या खोलीचा लौकिक दुहेरी होता. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तिथे बुद्धवंदना होई, आणि ऑक्टोबर ते एप्रिल तिथे कुणी अंगावरचा कोट काढत नसे. तांबड्या विटांच्या जुन्या घरातली, मधली भिंत पाडून दोनाची एक केलेली ती लांबट खोली. एका टोकाला जेमतेम दोन गुडघे शेकतील एवढा गॅसचा हीटर, आणि बाकीच्या खोलीत थंडी आपली पाय पसरून बसलेली. बायका पांढऱ्या साडीखाली ट्रॅकसूट घालून यायच्या. वंदना म्हणताना बावीस तोंडांतून वाफ निघायची. तरी चौदा वर्षं वंदना तिथेच होत होती, आणि ती आपल्या घरी होते ही रंभाबाईंची विलायतेतली खरी कमाई होती.

रंभाबाई मूळच्या अकोल्याकडच्या. अडुसष्ट साली यादवरावांच्या मागोमाग इथे आल्या. यादवराव एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते, म्हणजे आयुष्यभर त्यांनी इंचाच्या सोळाव्या भागावर संसार केला. रंभाबाईंचा संसार वाढणीच्या डावावर चालायचा. वीस वर्षं त्या एका शाळेत मुलांना दुपारचं जेवण वाढत होत्या, आणि त्यांच्या रांगेत नेहमी गर्दी असायची, कारण त्यांच्या हातचा एक डाव म्हणजे इतर बायांचे दोन. हेड कुकने तीनदा लेखी समज दिली. रंभाबाईंनी तिन्ही कागद नीट घडी घालून ठेवले आणि डाव तसाच भरत राहिल्या. माणूस दारात आलं आणि काही कमी पडलं, तर त्यांच्या मते त्या घराला दार असून उपयोग नव्हता.

एक्क्याण्णवच्या शरद ऋतूत मात्र या कमाईवरच घाला पडला. द्रौपदीताई सिरसाट यांच्या घरी सेंट्रल हीटिंग बसलं. द्रौपदीताई रंभाबाईंच्याच वयाच्या, त्यांचे यजमान भीमराव म्हणजे मंडळाचे कायमचे वक्ते. ऑक्टोबरच्या वंदनेनंतर चहा घेताना द्रौपदीताई सहज बोलल्यासारख्या बोलल्या, "आता आमच्याकडे बाथरूममध्येसुद्धा रेडिएटर आहे हो. टॉवेल गरम मिळतो." रंभाबाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यात मंडळाचे सेक्रेटरी हरीश मेश्राम, ज्यांची कंबर त्या खोलीतच धरली होती, त्यांनी घसा साफ करून जाहीर केलं, की जानेवारीत सावित्रीबाईंच्या जयंतीच्या कार्यक्रमाला हात वर करून ठरवू या. वंदना यापुढे तायड्यांकडे की सिरसाटांकडे.

त्या रविवारी सगळे गेल्यावर रंभाबाईंनी कप विसळले नाहीत. कधी नव्हे ते त्या कोट घालून खुर्चीत बसून राहिल्या. यादवरावांना तेवढ्याने कळलं की प्रकरण गंभीर आहे.

"अगं, लाकडाचा स्टोव्ह बसवू," ते म्हणाले.

स्टोव्ह म्हणजे आपला पंप मारायचा रॉकेलचा नव्हे. बिडाची जाडजूड पेटी, पुढे काचेचं दार, मागून नळी थेट धुराड्यात. सरपणाची चिंता नव्हती. नव्वद सालच्या वादळात यादवरावांच्या अलॉटमेंटमधलं, म्हणजे कौन्सिलकडून भाजीपाल्याला घेतलेल्या तुकड्यातलं, मोठं झाड पडलं होतं. कौन्सिलच्या माणसांनी ते कापून तिथेच टाकलं आणि यादवरावांनी ढकलगाडीच्या एकसष्ट फेऱ्या मारून घरी आणलं. तेव्हापासून मागच्या अंगणात ते ओंडके मापात रचलेले होते, आणि यादवराव त्यांना रोज संध्याकाळी बघून यायचे.

पण रंभाबाईंनी कानावर हात ठेवले. चूल या वस्तूशी त्यांचं जुनं वैर होतं. त्यांची आई फुंकणीने चूल फुंकता फुंकता डोळ्यांनी अधू झाली. शेवटी शेवटी ती लेकीला आवाजावरून ओळखायची. इंग्लंडात पहिल्या दिवशी गॅसचं बटण फिरवून निळी ज्योत पाहिली तेव्हा रंभाबाई रडल्या होत्या, आणि आपल्या घरात पुन्हा धूर होणार नाही असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

"धूर बाहेर आला तर मी तो स्टोव्ह तुमच्या ओंडक्यांसकट रस्त्यावर ठेवीन," त्या म्हणाल्या. म्हणजे पाहायला जायला हरकत नव्हती.

मुलगी सीमा कौन्सिलमध्ये नोकरीला होती. तिने आधीच बजावलं, "आई, आपला एरिया स्मोकलेस आहे. लिस्टवर असलेलाच स्टोव्ह अलाउड आहे. चिमणीतून ब्लॅक स्मोक आली तर लेटर येते." सीमाचं मराठी असं आईकडून अर्धं आणि शाळेतून अर्धं आलेलं होतं. यादीत बसणारे स्टोव्ह ठेवणारं एक दुकान शहराबाहेर निघालं, आणि एका शनिवारी तिघं बसने तिकडे गेले.

दुकानदार पिकरिंग नावाचा म्हातारा होता, भला माणूस. यादवरावांनी घडी घातलेला कागद काढला. खोलीची लांबी, रुंदी, उंची, खिडक्यांच्या फटीसुद्धा मोजलेल्या. उत्तराखाली दोन रेघा: पाच किलोवॉट. पिकरिंगने कागद वाचला आणि यादवरावांशी हात मिळवला. असं गिऱ्हाईक त्याला बऱ्याच वर्षांनी भेटलं असावं.

रंभाबाई तेवढ्यात आपल्या परीने निवड करत होत्या. प्रत्येक स्टोव्हच्या दारात त्या बसचं तिकीट धरायच्या, दार लावून कडी घालायच्या आणि तिकीट ओढायच्या. अलगद निघून आलं, म्हणजे फटीतून धूरही येणार, की पुढे. सहा स्टोव्ह असे नापास झाले. सातव्याच्या दारात तिकीट फाटलं. तो स्टोव्ह पेटलेला होता. रंभाबाईंनी दार हळूच उघडलं, वाकून तोंड अगदी जवळ नेलं आणि डोळे सताड उघडे ठेवले. पिकरिंग घाबरून पुढे झाला. रंभाबाई तशाच थांबल्या. जाळ आत ओढला जात होता, धूर आतल्या आत वर निघून जात होता आणि डोळ्यांना नुसती ऊब लागत होती. इतक्या वर्षांनी त्यांना आईची फार आठवण आली. सरळ उभ्या राहून त्या म्हणाल्या, "हाच."

पिकरिंग म्हणाला, उत्तम, याच घडणीचा पाच किलोवॉटचा आत आहे, हा मोठा. हा अकराचा.

"अकराच द्या."

पिकरिंगने समजावलं की अकरा किलोवॉटमध्ये गावचा हॉल गरम होतो. रंभाबाई म्हणाल्या, पहिल्या रविवारी आमच्याकडे हॉलच असतो. यादवरावांनी कागदावरच्या दोन रेघांवर बोट ठेवलं. "अगं, खोलीला पाच पुरतात. गणित आहे हे."

"दोन माणसांना किती तांदूळ लागतात तेही गणितच आहे," रंभाबाई म्हणाल्या. "म्हणून मी कधी दोघांपुरता भात लावलाय? द्रौपदीताई येऊन बसतील आणि ऊब कमी पडली तर तुमचा कागद पांघरायला देऊ का?"

"आई, ती खूप मोठी आहे, टू मच आहे," सीमा म्हणाली. पण भाताच्या हिशेबाने स्टोव्ह घ्यायचा ठरला की त्यात कुणाचं चालत नाही. अकराचा आला. धुराड्यात स्टीलची नळी सोडली, जुना हीटर निघाला, आणि डिसेंबरात यादवरावांनी रोज दोन-दोन बारीक ढलप्या घालून तो जपून पेटवला. डिसेंबरची वंदना मंडळाने महापरिनिर्वाण दिनाच्या सभेमुळे बाहेर हॉलवर घेतल्याने स्टोव्हची खरी परीक्षा जानेवारीलाच होणार होती.

जयंतीच्या रविवारी रंभाबाई सात वाजताच उठल्या. पाहुणे दोन वाजता यायचे होते. कमी पडायला नको म्हणून त्यांनी स्टोव्ह तोंडापर्यंत भरला. दहा वाजता पुन्हा भरला. बारा वाजता यादवराव बनियनवर आले आणि म्हणाले, "खोलीत एकोणतीस डिग्री झालंय. आणि अजून माणसं यायची आहेत. माणूसही तापतं, रंभा. ते मी गणितात धरलं नव्हतं."

माणसं आली ती गेल्या चौदा वर्षांच्या अनुभवाने आली. थर्मल, त्यावर शर्ट, त्यावर दोन स्वेटर, त्यावर कोट. रंभाबाईंच्या खोलीत दुसरं काही घालून यायचं असतं हे कुणाला ठाऊकच नव्हतं. दारातून आत पाऊल टाकलं की प्रत्येकाचा चेहरा आधी खुलायचा आणि मग लाल व्हायचा. पलंगावर कोटांचा ढीग झाला, त्यावर स्वेटरांचा. बायकांना ट्रॅकसूट काढायला वरच्या मजल्यावर रांग लावावी लागली. सीमा आईच्या कानाशी लागली, "एअर बंद कर ना त्याची."

"झडप लावली तर लाकूड धुमसेल आणि सगळा धूर चिमणीतून निघेल. तुझंच लेटर येईल," रंभाबाई म्हणाल्या आणि खिडक्या उघडायला लागल्या. वंदना झाली तेव्हा बुद्धांच्या आणि सावित्रीबाईंच्या फोटोंपुढच्या मेणबत्त्या वाकून एकमेकींना टेकल्या होत्या. गारठवणारी खोली म्हणून जी वंदना जायची होती, ती आता भाजणारी खोली म्हणून जाणार असं त्यांना स्वच्छ दिसायला लागलं, आणि दोष द्यायला स्वतःशिवाय कुणी नव्हतं.

मग भीमराव भाषणाला उभे राहिले.

भीमराव सिरसाट माणूस सज्जन, चळवळीसाठी खिशाला खार लावून हिंडणारा. पण त्यांचं भाषण म्हणजे चऱ्हाट. दर जयंतीला 'स्त्रियांचा आवाज' हा विषय ते पन्नास मिनिटं मांडत आणि तेवढ्या वेळात एकाही स्त्रीला तोंड उघडता येत नसे. वक्त्याची जागाही ठरलेली होती: फायरप्लेसच्या उजव्या अंगाला, फोटोंच्या शेजारी. फोटोंकडे पाठ करायची नाही, सभेकडेही करायची नाही. म्हणजे स्टोव्हपासून एक फुटावर, थ्री-पीस सूटमध्ये. खोली इतकी भरलेली की सरकायला जागा नाही. हातात कागद, चौदा.

दुसऱ्या कागदावर भीमरावांनी टाय सैल केला. तिसऱ्यावर ते सूर्यनारायणासारखे लाल झाले. रंभाबाई स्टोव्हशेजारीच बसल्या होत्या. चौथा कागद वळताना त्यांनी पाहिलं, की भीमरावांनी कागद वाचायच्या आधी त्याने वारा घेतला. तेव्हा त्यांच्या मनात पहिल्यांदा पाप आलं. त्यांनी शेजारच्या टोपलीतला एक ओंडका उचलला, दुसऱ्याशी ठोकून वाळल्याची खात्री केली, आणि पाहुणचार करावा तशा अदबीने स्टोव्हचं दार उघडून आत ठेवला. जाळाची झळ भीमरावांच्या पँटला लागली.

"...तर बंधू-भगिनींनो, थोडक्यात सांगायचं तर," भीमराव म्हणाले. हे शब्द त्यांच्या तोंडून मंडळाने आजवर ऐकले नव्हते. नवव्या मिनिटाला ते जय भीम म्हणून उघड्या खिडकीकडे गेले.

हरीशरावांनी घड्याळ पाहिलं, कार्यक्रमाचा कागद पाहिला. एक्केचाळीस मिनिटं शिल्लक होती आणि काय करायचं ते कुणालाच सुचेना. "लेडीजपैकी कुणी बोलणार का?" ते नुसतं विचारायचं म्हणून म्हणाले.

द्रौपदीताई उठल्या. स्टोव्हजवळ गेल्या नाहीत, जिथे बसल्या होत्या तिथेच उभ्या राहिल्या.

"मी पासपोर्टवर अंगठा लावून आले," त्या म्हणाल्या. "एकोणऐंशी साली लायब्ररीत इव्हनिंग क्लास लावला. घरी सांगितलं, शिवणाचा आहे. दोन वर्षं गेले. शिवलेलं काही कुणी मागितलं नाही. तिथे एबीसी शिकले, मग मराठी कॅलेंडरवरून घरीच. पहिलं पत्र आईला लिहिलं. तिला वाचता येत नव्हतं. पण भाऊ म्हणाला, ती ते उशाखाली घेऊन झोपायची. सावित्रीबाईंचं मला एवढंच सांगायचं होतं."

त्या बसल्या. भीमराव खिडकीशी हातात रुमाल घेऊन तसेच उभे होते, आणि त्यांचा चेहरा पाहून रंभाबाईंना त्या ओंडक्याबद्दल जराशी लाज वाटली.

हरीशरावांनी मत मागितलं. वंदना यापुढे तायड्यांकडे असावी असं कुणाकुणाला वाटतं? सगळ्यांत आधी हात वर गेला तो द्रौपदीताईंचा. तो पाहून बाकीचे वीस भराभर गेले. भीमरावांचा शेवटी गेला, पण गेला.

निघताना द्रौपदीताई कोटांच्या ढिगात आपला कोट शोधत होत्या. रंभाबाईंनी या प्रसंगाला बोलायची वाक्यं तीन महिने घोळवून ठेवली होती. टॉवेलाचा विषयही त्यांत होता. ती आता त्यांनी सोडून दिली. आपण इतकी वर्षं या बाईला फुशारकी मारणारी समजत आलो आणि तिच्याशी कधी चार शब्द धड बोललो नाही, याचंच त्यांना वाईट वाटत होतं. त्यांनी कोट शोधून हातात दिला.

"फेब्रुवारीत तुम्ही बोला," रंभाबाई म्हणाल्या. "त्या दिवशी मी स्टोव्हमध्ये एकच ओंडका घालीन."

द्रौपदीताईंनी कोटाची बटणं लावली.

"एकही घालू नका," त्या म्हणाल्या. "मला बरंच बोलायचंय."