बेबदो नव्हता माझा दादा

वहिनीचा फोन आला तेव्हा मी साखळीच्या बाजारात मासळी घेत होते. "गेले गे," एवढंच बोलली... मासळीवालीनं विचारलं, कोण? म्हटलं, सर्वण गावचा माझा थोरला भाऊ, काविळीनं. तिनं मान हलवली आणि म्हणाली, सोरो वाईटच बाई. सोरो म्हणजे दारू. आमच्याकडे पुरुष काविळीनं गेला की पुढचं कुणी विचारतच नाही.

माझ्या दादानं जन्मात दारूला हात लावला नाही. मामाच्या काजूच्या बागेत हुर्राक, म्हणजे काजूची ताजी दारू, निघायची तेव्हासुद्धा हा नाक मुरडून लांब बसायचा. डिचोलीजवळच्या एका कारखान्यात तो यंत्रांचे सुटे भाग धुवायचा. तापलेल्या टाकीत जाळीची टोपली बुडवायची, ग्रीस सुटलं की वर काढायची. टाकीत होतं सॉल्व्हंट, ग्रीस विरघळवणारं रसायन, पण सगळे त्याला म्हणत 'पाणी'. पाणी तापलं का, पाणी बदला... साहेबही तेच म्हणायचे. मेल्यांनी नावच असं ठेवलं की माणसाला भीती वाटू नये! वाफ नाकात जायची, आणि नाकावर काय, तर साधा कापडी मास्क.

संध्याकाळी तो घरी यायचा तो तोंड लालबुंद, पाय लटपटत, जीभ जड, अंगाला गोडसर वास. वाड्यावर ठरून गेलं, हा बेबदो झाला, दारुडा. वहिनीलाही तेच वाटलं. रडून रडून तिनं त्याला देवळात नेलं, गाऱ्हाणं घालून दारू सोडायची शपथ घ्यायला लावली. मी चिडून विचारलं, अरे, पीतच नाहीस तर शपथ कसली घेतलीस? हसला. "म्हणान तर सोपी गेली गे."

सोमवारी पुन्हा टाकीवर गेला आणि संध्याकाळी तसाच लाल होऊन आला. देवासमोरची शपथ मोडली म्हणून वहिनीनं त्याच्याशी बोलणंच टाकलं. तो समजावायचा, ती तोंड फिरवायची.

पोट फुगलं, डोळे पिवळे झाले. हॉस्पिटलात पहिला प्रश्न हाच, रोज किती घेतो? पुढे एका डॉक्टरणीनं मात्र काम कुठलं ते विचारलं, आणि ऐकताऐकता तिचा चेहरा उतरला. त्या वाफेनं झिंग येते आणि लिव्हरही जातं, म्हणाली. कारखान्याला कळवलं तर तिथला सुपरवायझर घरी आला, शहाळी घेऊन! ओसरीवर बसून म्हणाला, बाकीचे धडधाकट आहेत, याचं पिणंच नडलं. वहिनी आत ऐकत होती. डॉक्टरणीवर विश्वास ठेवावा की याच्यावर, तिला कळत नव्हतं, आणि दादा अंथरुणातून तिच्याकडे नुसता बघत होता. तसाच बघत गेला तो. या एका गोष्टीसाठी मी त्या सुपरवायझरला कधी माफ करणार नाही.

बाराव्याला मागीलदारी त्याच्यासाठी पान वाढलं. गेलेल्याच्या आवडीचं सगळं ठेवायची आमची रीत. काका आले आणि पानाशेजारी पेलाभर फेणी ठेवली. प्रेमानंच हो... माझं टाळकं फिरलं. पेला उचलून मी माडाच्या मुळात भिरकावला.

"अगे, निदान आज तरी पिवंदे त्याका," काका म्हणाले.

"तो पीत नव्हता," मी म्हटलं. "त्याला पाजलं. पाणी म्हणून पाजलं."

वहिनी उठून आत गेली. मला वाटलं, रुसली. बऱ्याच वेळानं बाहेर आली ती चहाचा कप घेऊन, दाट, दोन चमचे साखर जास्त घातलेला. पेल्याच्या जागी तिनं तो ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ह्यांका ह्योच लागायचो."