काशाची वाटी

परवा एका मित्राला भेटायला शहरातल्या बड्या इस्पितळात गेलो होतो. त्याचं दुखणं आता बरं होणारं नाही. खोलीत शिरताच कोकमतेलाचा मंद तुपकट वास आला आणि मी दारातच थबकलो. पांढऱ्या कोटातली एक मुलगी काशाच्या वाटीने त्याचे तळवे हळुवार घाशीत होती. भिंतीवर पाटी होती, 'पूरक उपचार कक्ष'. मित्राचे डोळे सुखाने मिटले होते. मला आनंद व्हायला हवा होता. झाला तो संताप.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस माझे वडील असेच एका वॉर्डात पडून होते. आमच्या गुंद गावच्या भातशेतीत नि रानातल्या कामात जन्म गेलेला, तळव्यांना बोट जाईल एवढ्या भेगा. डॉक्टरांनी हात टेकले होते. पाय पोळतात, एवढीच वडिलांची तक्रार. ते ऐकून आत्या रामनगरहून बस धरून आली. पिशवीत कोकमतेलाचा मूठभर गोळा आणि घरची काशाची वाटी. हे तेल थिजलेलंच असतं, अंगाची ऊब लागली की विरघळतं. तिने ते तळव्यांना चोळलं, वर वाटी फिरवली. तेल काळं पडत गेलं आणि कितीतरी दिवसांनी वडिलांचा डोळा लागला.

चादरीलाही काळा डाग पडला. नर्सबाई कडाडल्या, "दवाखाना आहे की तुमची पडवी? हे गावठी उपचार इथं चालायचे नाहीत!"

"औषद न्हवं बाई ह्ये," आत्या म्हणाली. "त्येला बरं वाटतंय, एवढंच."

ज्यांनी वडिलांना बरं करण्याची आशा सोडली होती, त्यांना वडिलांचं बरं वाटणंही खुपत होतं! पण त्यांच्यावर कुठल्या तोंडाने चिडू? मी तेव्हा कचेरीत नवा कारकून, इस्त्रीच्या शर्टातला. चारचौघांत लाज वाटली म्हणून आत्याच्या हातातली वाटी मीच हिसकावून घेतली. "पुरे तुझा अडाणीपणा," असंही म्हणालो. वडील जागे झाले होते. त्यांनी मुकाट्याने पाय चादरीखाली ओढून घेतले. त्यानंतर त्यांनी काही मागितलं नाही.

इस्पितळं आता शहाणी झाली, पाट्या लावू लागली. त्या शहाणपणाचा मला राग येतो, आणि माझ्या त्या शर्टाचा त्याहून जास्त.

चौथ्या दिवशी वडील गेले. देह गुंदला आणला तेव्हा आत्या पायाशी बसली. "आता कोण अडवतंय बगू," म्हणाली आणि उरलेला गोळा तळव्यांवर घासू लागली. किती तरी वेळ घासत राहिली. तेल विरघळलं नाही.