शेवटी ओढलेली रेघ

अन्याय माझ्या आईवर झाला. होळीनंतरच्या पहिल्या सोमवारी, संध्याकाळी साडेसात वाजता, बडोद्यात हरणीतल्या आमच्या फ्लॅटच्या पुढच्या खोलीत. एका जुन्या मराठी मालिकेचं नवं पर्व त्या दिवशी सुरू झालं आणि तिच्या सुरुवातीच्या टायटलमधून माझ्या वडिलांचा हात काढून टाकलेला होता.

हे मी अलंकारिक बोलत नाहीये. खराच हात. जुनी मालिका सुरू व्हायची तेव्हा पडद्यावर एक पांढरी पाटी दिसायची, पाटीवर निळ्या रंगात मालिकेचं नाव, पण नुसती अक्षरं, वर शिरोरेघ नाही. मग डावीकडून दोन हात यायचे. डाव्या हाताची मूठ पाटीला टेकलेली, तिच्यावर उजवं मनगट ठेवलेलं, बोटांत ब्रश. तो ब्रश एका दमात सगळ्या अक्षरांच्या डोक्यावरून रेघ ओढत पार उजवीकडे जायचा आणि नाव पुरं व्हायचं. बस, एवढंच टायटल. चेहरा नाही, खांदा नाही. ते हात माझ्या वडिलांचे.

वडील रावपुऱ्यात बोर्ड रंगवायचे. दुकानांचे, शाळांचे, डॉक्टरांचे, सगळे गुजराती. गुजराती अक्षरांना डोक्यावर रेघ नसते, आणि दिवसभर तेच लिहून हाताला अशी सवय लागली होती की मराठी बोर्ड आला तरी ते रेघ द्यायला विसरायचे. आपल्याच मंडळाच्या गणपतीच्या कापडावर विसरले होते. लोक चिडवायचे, "अहो, अक्षरं बोडकी ठेवलीत!" मग हे शिडी पुन्हा लावून, जीभ चावून, एका झटक्यात वरून रेघ ओढायचे. त्या मालिकेची मंडळी पहिल्या काही भागांचं शूटिंग करायला बडोद्यात आली, तेव्हा गोष्टीतल्या, मालिकेच्याच नावाच्या दुकानाला पाटी हवी होती म्हणून कुणीतरी यांना बोलावलं. दिग्दर्शकासमोरही हे विसरले. "रेघ कुठाय?" असं त्याने विचारल्यावर घाईघाईने ओढली. तो बघतच राहिला म्हणे. म्हणाला, "पुसा. परत विसरा. कॅमेरा लावतो."

'बोडकी' हा शब्द वडील गेल्यापासून आमच्या घरात उच्चारला जात नाही. का, ते मराठी वाचणाऱ्याला समजावायला नको.

ते गेले तेव्हा मी सात वर्षांची होते. फोटो आहेत, नाही असं नाही. लग्नाचा अल्बम आहे, दुकानासमोर उभे असलेला एक आहे. पण हलणारे वडील कुठेच नाहीत. लग्नात व्हिडिओ नव्हता, फोनमध्ये कॅमेरे नव्हते. हलताना ते फक्त त्या टायटलमध्ये होते, आणि मालिका बंद झाल्यावर तेही दिसायचं थांबलं. मला त्यांचा हात आठवतो. पण खरं सांगायचं तर तो मी घरात पाहिलेला आठवतो की टीव्हीवर पाहिलेला, हे मला सांगता येत नाही. हे मी कुणाला बोलले नव्हते. बोलणार कुणाला?

नवं पर्व येणार ही बातमी आईला आठवडाभर आधी कळली. त्या दिवशी तिने शेवउसळ केली आणि शेजारच्या गुजराती बेनना बोलावलं. त्यांना मराठी मालिकेशी काही घेणंदेणं नाही. पण आईला एकटीने बघायचं नव्हतं, आणि माझ्यासोबत बघणं म्हणजे तिच्या लेखी एकटीनेच बघणं असावं. तिने त्यांना सांगून ठेवलं होतं की आज माझ्या नवऱ्याचा हात दाखवणार आहेत. साडेसातला तिने चष्मा पुसला. पडद्यावर ड्रोनने काढलेलं कुठलंतरी शहर आलं, काचेच्या इमारती आल्या, तरुण मंडळी स्कूटरवरून हसत गेली आणि सोनेरी, जाड अक्षरं गरगर फिरत येऊन थांबली.

"बेन, हाथ क्यारे आवशे?" शेजारणीने विचारलं, हात कधी येणार म्हणून.

"आवशे, आवशे," आई म्हणाली.

पहिला प्रसंग सुरू झाला. शेजारीण थोडा वेळ थांबली. मग हळूच म्हणाली, "आ तो चालू थई गयुं." आईने तिच्या वाटीत आणखी उसळ वाढली. तीही बिचारी मुकाट्याने खाऊन, "सरस बनी छे हों," म्हणून निघून गेली. आईने टीव्ही बंद केला नाही. पूर्ण भाग पाहिला. हात शेवटी दाखवतील असं तिला वाटत होतं.

मी एका नागरी संघटनेसाठी पत्रकं लिहिते. कॉलेजपासून तेच केलंय. पाणीगेटला पाण्याच्या टाकीसाठी, बंद झालेल्या बससाठी, उखडलेल्या फुटपाथसाठी. त्यामुळे मला दुसरं काही सुचलंच नाही. त्याच रात्री लिहिलं: "जुन्या टायटलची शैली परत आणा." खाली तीन मुद्दे. हा मालिकेचा चेहरा होता. तो हाताने घडवला होता. बडोद्याचा होता. दुसऱ्या दिवशी छापून घेतलं आणि सह्या गोळा करायला लागले.

संघटनेतल्या सोबत्यांकडे आधी गेले. ज्यांच्या नळासाठी मी उन्हात बसले होते, तेच हसायला लागले. "बेन, पाणी छोडीने सिरियल?" एकाने तर पत्रक उलटं करून मागच्या कोऱ्या बाजूवर मीटिंगला येणाऱ्यांची यादी लिहायला घेतली. भांडले मी. उपयोग झाला नाही.

मग रावपुऱ्यात मराठी वाचनालयाच्या दारात उभी राहिले. चार दिवस, संध्याकाळी. स्कूटरी, रिक्षा, समोर फरसाणवाल्याकडे रांग, आणि दारात मी, हातात न खपलेली पत्रकं. एक काका जवळ आले. त्यांनी चष्मा वर करून सगळं वाचलं, अगदी छापखान्याच्या नावापर्यंत.

"मालिका चांगली होती गं," ते म्हणाले. "पण टायटल लागलं की आम्ही पाणी प्यायला उठायचो."

"काका, त्यात एक हात होता, आठवतो?"

"हात? असेल बाई. कुणाचा होता?"

"माझ्या वडिलांचा."

ते एकदम ओशाळले. सही केली आणि वर मला वेलची केळंही दिलं. अशीच सगळी माणसं. कुणी वाईट बोललं नाही. पण ती रेघ एकालाही आठवत नव्हती. इतकी वर्षं आम्ही दोघी ज्याला जगप्रसिद्ध समजत होतो, ते आख्ख्या गावात फक्त आम्हीच बघत होतो, हे मला त्या दारात उभं राहून कळलं. माझ्या वयाच्या मुलींनी तर सरळच सांगितलं, "अगं, ॲपवर बटण असतं. सगळे टायटल उडवूनच पुढे जातात." मग शेवटी मी आमच्या सोसायटीतल्या गुजराती मंडळींकडून सह्या घेतल्या. त्यांनी काय आहे ते न विचारता केल्या. हे बरोबर होतं का? नव्हतं.

निर्मिती कंपनीत फोन केला, मेल केले, पुन्हा फोन केला. तिकडच्या मुलीचा आवाज गोड होता. "ताई, तुमचं सजेशन टीमला खूप आवडलंय. जुनी शैली परत आणतोय आम्ही. सरप्राइज आहे, पुढच्या सोमवारी बघा." मी खुर्चीतून उठून आईला मिठी मारली. जिंकल्यावर आमच्यात गुलाल नसतो, पण त्या दिवशी मी आइस्क्रीम आणलं.

पुढच्या सोमवारी शेजारणीला बोलावलं नाही. दोघीच बसलो. साडेसातला पांढरी पाटी आली. आई पुढे सरकली. आधी रेघ आली, आपोआप, आडवी, चमचमती. मग त्या रेघेला कपडे वाळत घालावेत तसं एकेक अक्षर खाली लोंबायला लागलं. आणि सगळ्यात शेवटी एक हात आला. गोरा, गुळगुळीत, नखं स्वच्छ, कॉम्प्युटरवर काढलेला. एकच हात, हवेत तरंगणारा, टेकायला मूठच नाही. त्याने ब्रश नुसता हलवला आणि गेला.

"हा कोण?" आईने विचारलं.

मी टीव्हीचा आवाज कमी केला.

"झालं तुझं समाधान?"

"आई, मी तुझ्यासाठीच..."

"मी शैली मागितली होती का गं? मला फक्त तो हात बघायचा होता."

ती उठून आत गेली. माझ्या पत्रकाची पहिलीच ओळ चुकली होती. मी शैली मागितली, त्यांनी शैली दिली. माणूस वजा केल्यावर जे उरतं त्याला शैली म्हणतात, आणि ते कुणीही तयार करून देतं. म्हणून आता विचाराल की जुन्या ढंगाचं टायटल परत आणावं का, तर माझं उत्तर असं: तो फिल्मचा तुकडाच लावणार असाल तर आणा. नाहीतर ती सोनेरी अक्षरं गरगर फिरवत बसा, ती निदान खोटं तरी बोलत नाहीत.

मी पुन्हा फोन केला. या वेळी फक्त तुकडा मागितला, टीव्हीवर दाखवू नका, आम्हाला नुसता द्या. त्या मुलीने खरंच शोधलं असावं, कारण दोन दिवसांनी तिनेच फोन केला आणि आवाजातला गोडवा गेला होता. जुन्या टेपांवर भाग आहेत, टायटल नाहीत. टायटलची टेप वेगळी असायची, प्रसारणाच्या वेळी पुढे जोडायचे. ती एक टेप सापडत नाही. आणि श्रेयनामावलीत पाटी रंगवणाऱ्याचं नाव आहे का, तेही तिने पाहिलं होतं. नाही. इतक्या लोकांची नावं वडिलांनी बोर्डांवर लिहून दिली, त्यात स्वतःचं घातलं नाही, आणि कुणी घालाही म्हटलं नाही.

हे मी आईला सांगितलं तेव्हा ती पोळ्या करत होती. गॅस बारीक करून म्हणाली, "आपल्याकडे टेप आहेत की. तुझ्या मावशीकडे चॅनल लागायचा नाही, तिच्यासाठी मी रेकॉर्ड करायचे."

मी ओट्याजवळ गेले. "मग आधी का नाही बोललीस?"

"त्यात नाहीये ते. टायटल संपलं की मग मी बटण दाबायचे. टेप वाचायची ना." तिने पोळी उलटली. "खरा हात शेजारी बसून पोहे खात होता. तो कशाला रेकॉर्ड करू?"

पोळी करपली. तिने ती बाजूला ठेवून दुसरी लाटायला घेतली. मी तिथेच उभी राहिले. मला तिच्या पाठीवर हात ठेवायचा होता, पण आमच्यात तशी सवय नाही. पत्रकं काढणाऱ्या मुलीला घोषणा येतात, हे येत नाही.

त्यानंतर आईने ती मालिका पाहिली नाही. साडेसातला ती बाल्कनीत जाऊन बसते. विमानतळाच्या बाजूने एखादं विमान उतरतं, ते बघते. मी आत बसते. कुणी कुणाला हाक मारत नाही.

आता तुमच्याकडे मागणी आहे. सही नको, सहानुभूतीही नको. तुमच्या घरी त्या काळात मराठी मालिका रेकॉर्ड होत होत्या. प्रत्येक घरातली बाई माझ्या आईसारखी काटकसरी नसणार. कुणीतरी आळशी असेल, कुणी बटण आधीच दाबून चहा टाकायला गेलं असेल. माळ्यावर चढा. कपाटाच्या वरचा खण उघडा. काळ्या टेपा निघाल्या तर त्या भंगारवाल्याला देऊ नका, स्वतः पुसू नका, बुरशी आलेली असली तरी फेकू नका. त्यात पांढरी पाटी आणि दोन हात आहेत का, ते नीट चालणाऱ्या यंत्रावर बघा. असतील तर ज्याने हे तुम्हाला वाचायला दिलं त्याच्याकडे टेप द्या, माझ्यापर्यंत पोहोचेल. उद्या नाही. आज, हे खाली ठेवल्याबरोबर उठा आणि बघा.